टॅव्हर्न, डेपो आणि डॉलर-रोजाचं हॉटेल: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी गावांतला मुक्काम आणि रेल्वेप्रवास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मुख्यतः अनुवादक, ऐतिहासिक कथा लिहिणारे आणि जुन्या अमेरिकेबद्दल वाचणारे लोक पुन्हा पुन्हा पाठवतात. भर छोट्या गावांवर आहे. बोस्टन-न्यूयॉर्क संदर्भापुरतीच.

१. टॅव्हर्न म्हणजे दारूचा गुत्ताच ना? मग न्यायाधीश आणि पाद्री तिथे उतरायचे कसे?

गुत्ता नव्हे. साधारण १८३० पर्यंत टॅव्हर्न म्हणजे झोपायला जागा, जेवण, घोड्याची चंदी आणि दारू, असं सगळं एका छपराखाली. ‘इन’ हा शब्द जवळजवळ त्याच अर्थाचा. व्हर्जिनियाकडे त्यालाच ‘ऑर्डिनरी’ म्हणत. गावात दुसरी मोठी खोली नसेल तर कोर्ट, निवडणूक, लिलाव आणि नाच हे सगळं तिथेच व्हायचं. फक्त पिण्याच्या जागेसाठी ‘सलून’ हा शब्द नंतर रुळला.

त्यामुळे अनुवादात ‘गुत्ता’ लिहिलं की पात्राची अब्रू विनाकारण जाते. ‘खाणावळ’ने अर्धाच अर्थ येतो आणि ‘धर्मशाळा’ तर साफ चूक, कारण तिथे फुकट काहीच नव्हतं. शब्द ‘टॅव्हर्न’ असाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात तबेला आणि खाटा दाखवाव्यात, वाचक समजून घेतो.

२. मग ‘हॉटेल’ कधी आलं?

शब्द फ्रेंच. न्यूयॉर्कचं सिटी हॉटेल १७९४ चं, पण खरा धडा घालून दिला तो बोस्टनच्या ट्रेमाँट हाउसने. १८२९ मध्ये उघडलेल्या या हॉटेलात १७० खोल्या होत्या, प्रत्येक खोलीला कुलूप आणि आत फुकट साबण. हे दोन्ही तेव्हा नवलाचं होतं. पुढच्या वीसेक वर्षांत गावोगावच्या टॅव्हर्नवाल्यांनी पाट्या बदलून ‘हॉटेल’ किंवा ‘हाउस’ केल्या. खाटा बहुतेक ठिकाणी त्याच राहिल्या. म्हणून १८४० च्या गावात ‘हॉटेल’ लिहिलेलं दिसलं तर लगेच संगमरवर डोळ्यांपुढे आणू नका.

३. टॅव्हर्न कुणालाही काढता यायचं का? दर कोण ठरवायचं?

परवाना लागायचा. तो बहुधा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोर्टाकडून मिळे आणि अनेक ठिकाणी तेच कोर्ट दरपत्रकही ठरवून देई. उत्तम नोंदलेलं उदाहरण इलिनॉयमधल्या न्यू सेलमचं आहे. ६ मार्च १८३३ ला सँगमन काउंटीने विल्यम बेरी आणि अब्राहम लिंकन यांच्या दुकानाला टॅव्हर्नचा परवाना दिला. फी ७ डॉलर, जामीनखत ३०० डॉलरचं. ठरवून दिलेले दर असे: रात्रीचा मुक्काम साडेबारा सेंट, एक वेळचं जेवण २५ सेंट, घोडा रात्रभर ठेवायला २५ सेंट, एक वेळची चंदी साडेबारा सेंट, अर्धा पाइंट व्हिस्की साडेबारा सेंट. टपालगाडीच्या (स्टेजकोचच्या) उतारूंना मात्र तेच जेवण साडेसदतीस सेंटला. त्यांना थांबून घासाघीस करायला वेळ नसतो, हे कोर्टालाही माहीत होतं.

माणूस आणि घोडा यांच्या दरांची तुलना करून पाहा. घोड्याची रात्र माणसाच्या दुप्पट.

एक बारकावा: परवाना ‘टॅव्हर्न’चा असला म्हणजे तिथे मुक्कामाची सोय होतीच असं नाही. दुकानदाराला मोठ्या मापाने, घरी न्यायला दारू विकता येई. पेल्याने, जागेवर प्यायला द्यायची तर टॅव्हर्नचा परवाना हवा. त्यामुळे काही परवाने केवळ पेल्यासाठीच काढलेले होते.

४. साडेबारा सेंट? अर्धा सेंट द्यायचे कसे?

१८५७ पर्यंत अमेरिकेत स्पॅनिश डॉलर आणि त्याचे भाग कायदेशीर चलन होते. त्या डॉलरचा आठवा भाग म्हणजे एक ‘बिट’, साडेबारा सेंट. आपल्या जुन्या हिशोबात रुपयाचे दोन आणे, अगदी त्याच प्रमाणात. ‘टू बिट्स’ म्हणजे पाव डॉलर, म्हणजे चार आणे. अनुवादात ‘चवली-पावली’ लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा, पण मनात हिशोब करायला सोपं जातं.

५. अनोळखी माणसासोबत एकाच बिछान्यात झोपावं लागायचं, हे खरं का?

खरं आहे. भाडं खोलीचं नव्हे, बिछान्यातल्या जागेचं असे. एका खोलीत तीन-चार पलंग, एका पलंगावर दोघे, आणि मध्यरात्री टपालगाडी आली की तिसरा. तक्रार केली तर मालकच तुमच्याकडे नवलाने पाहील. सर्किट कोर्टाबरोबर गावोगाव फिरणारे वकीलही असेच झोपत, लिंकनही त्यांतलाच. चादरी रोज बदलत नसत. ढेकूण ही तक्रार प्रवासवर्णनांत पावसाइतकी नित्याची.

रेल्वे आल्यावर पलंग वेगळे झाले, तरी खोली वाटून घेणं शतकाच्या शेवटापर्यंत टिकलं. सप्टेंबर १८९८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या बॉस्कोबेल गावी सेंट्रल हाउस हॉटेल भरलेलं होतं म्हणून जॉन निकल्सन आणि सॅम्युएल हिल या दोन अनोळखी फिरत्या विक्रेत्यांना एकच खोली मिळाली. दोघांनी झोपण्यापूर्वी मिळून प्रार्थना केली. त्या ओळखीतून १८९९ मध्ये गिडियन्स ही संस्था उभी राहिली, जिच्या बायबलच्या प्रती नंतर हॉटेलच्या खोल्याखोल्यांत गेल्या.

६. दोन मुक्कामांत अंतर किती असायचं?

ते जनावराच्या चालीवर ठरे. टपालगाडीचे घोडे साधारण १० ते १५ मैलांवर बदलत, तिथे स्टेशन. डुकरांचा कळप दिवसाला आठ-दहा मैलांपलीकडे जात नाही, म्हणून कळपवाल्यांच्या ठाण्यांना कोंडवाडा आणि मक्याचा साठा लागे. मालाच्या मोठ्या कनेस्टोगा गाड्या हाकणारे वेगळ्या, स्वस्त ठाण्यांवर थांबत. तिथे पलंग नसत. गाडीवान आपली वळकटी शेकोटीपुढे, पाय आगीकडे करून पसरत. मेरीलँडमधल्या कंबरलंडहून १८११ मध्ये सुरू झालेला आणि १८१८ मध्ये व्हीलिंगला पोचलेला नॅशनल रोड या दोन्ही प्रकारच्या टॅव्हर्नांनी भरलेला होता. टपालगाडीच्या टॅव्हर्नवाल्याला गाडीवान आपल्या ओसरीवर नको असत. चिखलाचे बूट आणि शिव्या, दोन्हीमुळे.

७. टपालगाडीत किती माणसं मावत?

न्यू हॅम्पशरमधल्या काँकर्डला १८२७ पासून बनणाऱ्या नावाजलेल्या गाडीत आत तीन बाकांवर नऊ जण, शिवाय टपावर जमतील तेवढे. मधल्या बाकावरच्यांचे गुडघे समोरच्यांच्या गुडघ्यांत अडकत. गाडीचा सांगाडा पोलादी स्प्रिंगवर नव्हता, चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेला होता. त्यामुळे ती आदळायची कमी आणि झुलायची जास्त. ज्यांना बोट लागते त्यांना इथेही लागे.

८. रेल्वे आल्यावर या टॅव्हर्नांचं काय झालं?

रुळांलगतची वाढली, रस्त्यालगतची सुकली. बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला १३ मैलांचा तुकडा १८३० मध्ये सुरू झाला, ती १८४२ ला कंबरलंडला आणि १८५३ च्या आरंभी व्हीलिंगला पोचली. नॅशनल रोडवरची लांबची वाहतूक तिने अक्षरशः उचलून नेली. देशभरात १८५० साली सुमारे ९,००० मैल रूळ होते, १८६० साली सुमारे ३०,०००. मागे राहिलेल्या टॅव्हर्नांची शेतघरं झाली.

नवं हॉटेल डेपोसमोर उभं राहिलं. (डेपो म्हणजे रेल्वे स्टेशन. मराठी वाचकाला एसटीचा डेपो आठवतो, तेवढं सांभाळा.) त्याचं गिऱ्हाईकही बदललं. घोड्यावरचा शेतकरी गेला, फिरता विक्रेता आला. त्याला ‘ड्रमर’ म्हणत. त्याच्या ट्रंकांतला माल मांडून गावातल्या दुकानदारांना दाखवण्यासाठी हॉटेलात ‘सँपल रूम’ लागे: लांब टेबलं, भरपूर उजेड. १८७०-८० च्या सुमारास गावातल्या साध्या हॉटेलचा दर दिवसाला एक ते दोन डॉलर, जेवणांसकट. त्यालाच ‘अमेरिकन प्लॅन’ म्हणत. फक्त खोलीचं भाडं आकारणं म्हणजे ‘युरोपियन प्लॅन’.

९. जेवायला काय मिळायचं? हवं ते मागवता यायचं का?

गावात मेनूकार्ड नव्हतं. घंटा वाजली की सगळे एका लांब टेबलावर, वाडगे मधोमध, ज्याचा हात लांब त्याचं पोट भरलं. खारवलेलं डुकराचं मांस, अंडी, मक्याची भाकरी, बटाटे, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), कॉफी. परदेशी प्रवाशांना पदार्थांपेक्षा वेगाचं आश्चर्य वाटे: दहा-पंधरा मिनिटांत टेबल रिकामं, कुणी कुणाशी बोललेलं नाही. वेळ चुकली तर उपास. दुपारचं मुख्य जेवण म्हणजे ‘डिनर’, रात्रीचं ‘सपर’. ‘डिनर’चं भाषांतर ‘रात्रीचं जेवण’ केलं की अख्ख्या प्रसंगाचं वेळापत्रक सहा तासांनी चुकतं.

पेयांत जुन्या टॅव्हर्नची खासियत ‘फ्लिप’: बिअर, रम आणि साखर एकत्र करून त्यात लालबुंद तापवलेली लोखंडी सळई बुडवायची. फेस येतो, साखर करपते आणि कडवट चव चढते.

१०. दारूबंदी असलेल्या गावात हॉटेल चालायचं कसं?

मेन राज्याने १८५१ मध्ये दारूबंदी केली आणि काही वर्षांतच डझनभर राज्यांनी तिचा कित्ता गिरवला. बहुतेकांनी पुढे माघार घेतली. कॅन्ससने १८८० मध्ये ती राज्यघटनेतच घातली. ‘टेंपरन्स हाउस’ अशी पाटी म्हणजे इथे दारू मिळणार नाही याची जाहिरात. पण गावच्या हॉटेलचा नफा बहुधा बारवर येई, खाटांवर नव्हे. त्यामुळे अशी हॉटेलं कायम ओढगस्तीत असत, किंवा मागच्या दाराने उदार असत.

११. रेल्वेचा डबा आतून कसा होता?

तेव्हाच्या युरोपातल्या किंवा आपल्याकडच्या बाजूच्या दारांच्या कप्प्यांसारखा नव्हता. एकच लांब दालन, मधून वाट, दोन्ही टोकांना दारं. बाकांच्या पाठी उलटवता येत, म्हणजे गाडी परत निघाली तरी तोंड पुढे. एका टोकाला शेगडी: तिच्याजवळचे भाजत आणि लांबचे गारठत. पाण्याच्या पिंपाला एकच सामाईक पेला. शौचकूप म्हणजे थेट रुळांवर उघडणारं भोक. जमिनीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या. बायकांच्या लांब झग्यांची कड त्यातच भिजे. म्हणून शेवटचा डबा ‘लेडीज कार’, तिथे स्त्रिया आणि त्यांच्यासोबतचे पुरुष. धुम्रपानाचा डबा पुढे, इंजिनाच्या धुराजवळ.

वर्तमानपत्रं, फळं, गोळ्या विकणारा पोऱ्या डब्यांतून सतत फिरे. थॉमस एडिसनने १८५९ पासून पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट गाडीवर हेच काम केलं.

१२. तिकीट आणि सामानाची पद्धत काय?

भाडं शतकाच्या उत्तरार्धात मैलाला साधारण दोन ते तीन सेंट. मजुराचा रोज डॉलर-दीड डॉलर धरला तर शंभर मैल म्हणजे दोन दिवसांची मजुरी. तिकिटं तपासणारा ‘कंडक्टर’ हा आपल्याकडचा गार्ड आणि टीसी एकत्र. गाडीवर त्याचाच हुकूम चाले.

सामानाची व्यवस्था मात्र त्या काळात जगात उजवी होती:

ट्रंक सामानघरात द्यायची. तिथला माणूस पितळी बिल्ल्यांची एक जोडी काढतो. एक बिल्ला चामड्याच्या वादीने ट्रंकेला, त्याच क्रमांकाचा दुसरा तुमच्या हातात. बहुधा १५० पौंडांपर्यंत फुकट. उतरल्यावर बिल्ला हॉटेलच्या पोर्टरकडे द्यायचा, तो ट्रंक सोडवून खोलीत आणतो. गडबड होते ती इथेच. डेपोवर चार हॉटेलांचे पोर्टर एकदम ओरडत असतात आणि बिल्ला भलत्याच्या हाती गेला की ट्रंक एका हॉटेलात, तुम्ही दुसऱ्यात.

१३. माझ्या कथेतलं गाव इतकं लहान आहे की गाडी थांबणारच नाही. मग?

थांबेल, तुम्ही थांबवलीत तर. वेळापत्रकात त्या गावापुढे ‘एफ’ (‘फ्लॅग’, म्हणजे निशाण) असे. दिवसा निशाण, रात्री कंदील दाखवायचा. उतरायचं असेल तर कंडक्टरला आधी सांगायचं. स्टेशन मास्तर हा एकटाच माणूस तिकीट, तार, माल आणि पार्सलं सांभाळी. टपालासाठी तर गाडी थांबतही नसे. रुळाशेजारच्या खांबावर टांगलेली थैली डब्याच्या आकड्याने धावत्या गाडीत ओढून घेत.

छोट्या फाट्यांवर मालगाडीच्या शेवटी एकच उतारूंचा डबा असलेली ‘मिक्स्ड ट्रेन’ चाले. प्रत्येक स्टेशनात वाघिणी काढ-घाल होईपर्यंत ताटकळायचं. तीस मैलांना तीन-चार तास लागले तर त्यात काही विशेष नाही.

१४. गाडीत जेवणाचा डबा नसताना लांबच्या प्रवासात लोक खायचे काय?

घरून आणलेली टोपली, पोऱ्याकडची फळं, नाहीतर जेवणाचा थांबा. ‘वीस मिनिटं!’ अशी आरोळी, धावाधाव, गरम कॉफी जिभेला लागेपर्यंत शिट्टी. पैसे आधी घेत, त्यामुळे उरलेलं अन्न पुढच्या गाडीला वाढलं जातं असा लोकांचा कायमचा संशय.

हे बदललं फ्रेड हार्वीने. सँटा फे रेल्वेवर १८७६ मध्ये टोपिकाच्या डेपोत त्याने पहिली खाण्याची जागा सुरू केली, १८७८ मध्ये फ्लॉरेन्स (कॅन्सस) इथे हॉटेल घेतलं. युक्ती साधी होती. आधीच्या टप्प्यातच गाडीतला कर्मचारी किती जण जेवणार ते विचारी, ती संख्या तारेने पुढे जाई आणि गाडी थांबताना पहिला पदार्थ टेबलावर असे. १८८३ पासून रॅटन (न्यू मेक्सिको) इथून त्याने वाढपी पुरुषांऐवजी तरुण अविवाहित मुली नेमल्या. ऑर्डर घेणारी मुलगी कप सुलटा-पालथा ठेवून खूण करी आणि मागून येणारी न विचारता चहा, कॉफी किंवा दूध ओती. जॉर्ज पुलमनचा ‘डेलमॉनिको’ हा जेवणाचा डबा १८६८ चा असला तरी असे डबे सर्वत्र पोचायला बरीच वर्षं गेली.

१५. १८८३ पूर्वी ‘बाराची गाडी’ म्हणजे नक्की कुणाचे बारा?

रेल्वेचे. प्रत्येक गावाचे बारा सूर्य माथ्यावर आला की वाजत आणि प्रत्येक कंपनी आपल्या मुख्यालयाच्या वेळेने चाले. देशात पन्नासहून अधिक रेल्वे-वेळा होत्या. जंक्शनच्या डेपोत भिंतीवर दोन-तीन घड्याळं असत. शेजारच्या हॉटेलचं घड्याळ तिसरंच काही सांगे, म्हणून लोक तासभर आधी जाऊन बसत आणि डेपोसमोरच्या बारचा धंदा होई.

रविवार १८ नोव्हेंबर १८८३ रोजी कंपन्यांनी मिळून चार प्रमाणवेळा लागू केल्या. न्यूयॉर्कची घड्याळं सुमारे चार मिनिटं मागे घेतली गेली. सरकारी कायदा व्हायला १९१८ उजाडलं. मधल्या काळात काही गावांनी देवाची वेळ बदलायला नकार दिला. मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली, तेव्हा आपण हसण्यात अर्थ नाही.

१६. एकाच प्रवासात इतक्यांदा गाडी का बदलावी लागे?

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. पुष्कळ कंपन्यांचे रूळ ४ फूट साडेआठ इंचांचे, दक्षिणेत ५ फूट, ईरी रेल्वेचे ६ फूट. गेज तुटलं की उतरा, सामान उचला, जेवा, चढा. वाटेवरच्या गावाला हे फायद्याचं. पेन्सिल्व्हेनियातल्या ईरी गावाजवळ दोन गेज जोडायचं ठरलं तेव्हा १८५३-५४ च्या हिवाळ्यात गावकऱ्यांनी रूळ उखडले आणि उतारूंना काही मैल बर्फातून घसरगाडीने जावं लागलं. प्रवाशांनी थांबावं, खावं, पैसे टाकावे, हा त्यांचा हट्ट. हॉटेलवाल्यांचं रेल्वेशी भांडण पाहायचं असेल तर यापेक्षा उघडं उदाहरण नाही.

दक्षिणेने ३१ मे आणि १ जून १८८६ या दोन दिवसांत सुमारे ११,५०० मैलांचं गेज ४ फूट ९ इंचांवर आणलं. आतल्या बाजूचे खिळे आधीच ठोकून ठेवले होते. त्या दिवशी फक्त एक रूळ तीन इंच आत सरकवायचा होता.

१७. प्रवास धोक्याचा होता का?

होता. उतारूंना सर्वांत मोठी भीती लाकडी डबे, शेगडी आणि तेलाचे दिवे यांच्या मिलाफाची. २९ डिसेंबर १८७६ ला ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्यूला इथे लोखंडी पूल कोसळला. पडून वाचलेले कित्येक जण आगीत गेले, मृत्यू नव्वदच्या आसपास. शेगड्या जाऊन इंजिनातून येणारी वाफेची ऊब रुळायला शतकाचं शेवटचं दशक उजाडलं.

कामगारांचं मरण वेगळं. डबे जोडताना कडीत पिन बसवायला ब्रेकमन (ब्रेक लावणारा आणि डबे जोडणारा कामगार) दोन डब्यांमध्ये उभा राही. बोटं शाबूत असलेला ब्रेकमन नवखा समजत. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक १८६९ चा, जॅनीचा आपोआप जुळणारा कपलर १८७३ चा, पण दोन्ही सक्तीचे करणारा कायदा आला तो १८९३ मध्ये.

१८. हॉटेलवाला कुणालाही नाही म्हणू शकत होता का? कृष्णवर्णीय प्रवाशांचं काय?

इंग्लंडमधून आलेल्या जुन्या कायद्यानुसार जागा असेल आणि पैसे द्यायची तयारी असेल तर प्रवाशाला नाकारता येत नसे आणि त्याच्या सामानाची जबाबदारीही मालकावर. (दाराआड लावलेली ‘मौल्यवान वस्तू तिजोरीत द्या’ ही सूचना ती जबाबदारी कमी करण्यासाठीच.) कागदावर हे सर्वांना लागू होतं, व्यवहारात गोऱ्यांना.

उत्तरेतही १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीतून निसटून आलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांना डब्यातून ओढून काढलं गेलं. १८७५ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं आणि गाड्या सर्वांना खुल्या केल्या, सर्वोच्च न्यायालयाने तो १८८३ मध्ये मोडीत काढला. टेनेसीने १८८१ मध्येच वेगळ्या डब्यांचा कायदा केला होता. कृष्णवर्णीय शिक्षिका आयडा वेल्स यांनी लेडीज कारमधून (प्रश्न ११) काढल्याबद्दल तिथे दावा लावून ५०० डॉलर जिंकले, राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १८८७ मध्ये तो निकाल फिरवला. होमर प्लेसी १८९२ मध्ये लुइझियानात मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या निकालाने ‘वेगळे पण समान’ला मान्यता दिली. प्रत्यक्षात ‘वेगळा’ डबा म्हणजे बहुधा इंजिनामागचा, धुराचा, सामानाशी वाटून घेतलेला. राहायचं कुठे, तर ओळखीच्यांच्या घरी.

१९. या काळात कुणी मराठी माणसं तिथे गेली होती का?

हो. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या, १८८८ पर्यंत देशभर रेल्वेने हिंडल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. त्या आल्या होत्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला. आनंदीबाई जून १८८३ मध्ये पोचून आधी न्यू जर्सीतल्या रोझेल या रेल्वेकाठच्या छोट्या गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या, मग शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. म्हणजे घड्याळं बदलली (प्रश्न १५) तो रविवार त्यांच्या पहिल्याच सत्रातला. फिलाडेल्फियाला त्याचा फारसा झटका बसला नसणार: नवी वेळ ७५ अंश रेखावृत्ताची होती, ते शहराच्या अगदी जवळून जातं आणि फरक मिनिटभराचाही नव्हता.